नाशिकच्या देवळांत प्रथमच जाणाऱ्यांसाठी

आपण प्रथमच येत आहात, तेव्हा सारे विधिनियम पाठ करण्याची गरज नाही. सुरुवातीला मोजक्या गोष्टी सांभाळल्या तरी पुरे.

खांदे व गुडघे झाकणारे साधे कपडे घालावेत आणि चपला बाहेरच काढाव्यात. उन्हाळ्यात मात्र काळारामाला सकाळीच जावे, कारण दुपारी तेथील दगडी फरशी अनवाणी पायांना सोसवत नाही.

नवख्यांची सर्वाधिक चूक होते ती शंकराच्या देवळात. विष्णूच्या किंवा रामाच्या मंदिरात पूर्ण प्रदक्षिणा घालतात. परंतु शिवमंदिरात अभिषेकाचे पाणी जेथून बाहेर पडते ती सोमसूत्राची पन्हळ ओलांडायची नसते, म्हणून तेथपर्यंत जाऊन आल्या वाटेने परतावे. नंदी व पिंडी यांच्यामध्ये उभे राहून इतरांचे दर्शन अडवू नये. (पंचवटीतील कपालेश्वरासमोर नंदीच नाही, तेव्हा तेथे तो शोधत बसू नका.)

तीर्थ उजव्या तळहाताच्या खळग्यात घ्यावे, त्याखाली डावा हात धरावा; प्रसादही उजव्याच हाताने घ्यावा.

त्र्यंबकेश्वरी गाभाऱ्यात छायाचित्र घेण्याचा मोह टाळावा. पूजा करवून घ्यायची असल्यास दक्षिणा किती, हे संकल्पापूर्वीच गुरुजींना स्पष्ट विचारावे. त्यात संकोचण्यासारखे काही नाही, आणि नुसते दर्शन घ्यायचे असेल तर नम्रपणे नकार दिल्यास कोणी रागावत नाही. सोवळ्याचे व विशेष विधींचे बारकावे पुढच्या खेपेला पाहू.