बुरशीला डोळे नाहीत, मग निळा प्रकाश कळतो कसा?

फ्लेविनमुळे. ब-२ जीवनसत्त्वापासून बनणारा हा पिवळा रेणू ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश छान शोषतो. लाल प्रकाशाचं त्याला काही सोयरसुतक नसतं.

सगळ्यात बारकाईने अभ्यास झालाय तो न्यूरोस्पोरा क्रासा या बुरशीचा. तिच्या डब्ल्यूसी-१ प्रथिनात एका खोबणीत फ्लेविन बसलेलं असतं. निळा प्रकाश पडला की ते शेजारच्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी रासायनिक बंध जोडतं. एवढ्याशा बंधाने प्रथिनाची ठेवण बदलते आणि डब्ल्यूसी-१ व त्याचा जोडीदार डब्ल्यूसी-२ थेट डीएनएवरची जनुकं चालू करतात. म्हणजे प्रकाश टिपणारा आणि हुकूम सोडणारा एकच, मधे दलाल नाही! मला तर यातली हीच गोष्ट सर्वांत भारी वाटते.

काही मिनिटांत कॅरोटिनॉइड ही नारिंगी रंगद्रव्यं बनवणारी जनुकं जागी होतात, मग काही तासांत पांढरे तंतू नारिंगी होतात. डब्ल्यूसी-१ बिघडलेल्या बुरशीचे तंतू मात्र उजेडातही पांढरेच राहतात.

उजेड हटलाच नाही तर? मग व्हिव्हिड हे दुसरं फ्लेविनवालं प्रथिन या प्रतिसादाला लगाम घालतं. अंधारात फ्लेविन आणि सिस्टीनमधला तो बंध हळूहळू आपोआप सुटतो.