मैदानावरचे प्रश्न: विनामानधन फुटबॉल शिकवणाऱ्याचं काम काय?

प्रश्न: बाई, नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहतो, बँकेत नोकरी करतो. कॉलेजला कोल्हापुरात होतो तेव्हा पेठेतल्या एका संघाकडून खेळायचो. आता कॉलनीतल्या पालकांनी गळ घातली आहे की, नऊ ते अकरा वर्षांच्या वीसेक मुलामुलींना शनिवार-रविवारी सकाळी शिकवा. मानधन नाही आणि मला नकोही आहे. खेळ येतो, पण सर म्हणून माझ्यावर नेमकं काय काय येतं?

उत्तर: हो म्हणा, आणि या शनिवारीच म्हणा. आपल्या जिल्ह्यात कबड्डी आणि खो-खो शिकवणारं कुणी ना कुणी मिळतं. फुटबॉलसाठी मात्र माणूस शोधत फिरावं लागतं. जेमतेम पन्नास किलोमीटरवर कोल्हापूरचं शाहू स्टेडियम सामन्याला भरून वाहतं, आणि इथल्या मुलाला चेंडू कसा थांबवायचा हे दाखवायला कुणी नसतं. मिरजेच्या शाळेत पी.टी. शिकवत असताना ही खंत मला कायम होती.

पण पेठेचा सामना डोक्यात घेऊन या मुलांसमोर उभे राहू नका. तिथं जिंकण्यासाठीच उतरायचं असतं. तुमच्याकडे चौथी-पाचवीची पोरं येणार आहेत. पुढच्या शनिवारी ती आपणहून उठून आली, तर तुमचं शिकवणं बरोबर चाललंय असं समजा. अकरा-अकराचे संघ पाडलेत तर धीट चार जण खेळतील आणि बाकीचे कंबरेवर हात ठेवून बघत राहतील. पाच-पाच जणांचे संघ करा, मैदान आखूड ठेवा. प्रत्येकाच्या पायाला सतत चेंडू लागला पाहिजे. आठ ते बारा वयाला चार नंबरचा चेंडू. मोठ्यांचा पाच नंबरचा चारशे दहा ते साडेचारशे ग्रॅमचा असतो, तो त्यांच्या पायाला जड जातो. रांगेत उभं करून एकेकाला शूट मारायला लावणं टाळा, त्यात निम्मी सकाळ उभं राहण्यात जाते.

मुलं येण्याआधी पंधरा मिनिटं मैदानावर पोचा आणि ते पायाखालून घाला. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्यात पाय अडकून मुरगळतो. आदल्या रात्री तिथं लग्न किंवा सभा झाली असेल तर काचा, खिळे, तारेचे तुकडे सापडतात. गोलपोस्ट हलवता येणारा असेल तर तो जमिनीत पक्का रोवलेला किंवा मागून वाळूच्या पोत्यांनी दाबलेला हवा. मुलं आडव्या दांडीला लोंबकळतात आणि पोस्ट अंगावर येतो. असे पोस्ट पडून जगात अनेक ठिकाणी मुलं दगावली आहेत. एप्रिल-मेमध्ये साडेसहाला सुरू करून आठच्या आत संपवा, आणि पाणी प्यायला मुलांनी मागायची वाट बघू नका.

एक वही करा. त्यात हजेरी, दोन्ही पालकांचे फोन, दमा, फिट्स किंवा कशाची अ‍ॅलर्जी असेल तर ती नोंद. शिनगार्ड (नडगीवर बांधायचं कवच) नाही त्याला सामन्यात उतरवू नका, फुटबॉलच्या नियमातच ते सक्तीचं आहे. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी त्या मुलाचा खेळ संपला. ‘बरं वाटतंय सर’ म्हणालं तरी संपला. पालकांना लगेच कळवा आणि डॉक्टरकडे पाठवा. उलटी, चक्कर, गुंगी, बोलण्यात गोंधळ दिसला तर थेट दवाखाना गाठा. पाय मुरगळला की तेल चोळणारे आणि ओढून बसवणारे चार जण आपल्याकडे कुठूनही उगवतात. त्यांना हात लावू देऊ नका. बर्फ कापडात गुंडाळून लावा, पाय उंच ठेवा, भार देऊ नका. हेडिंग, म्हणजे डोक्यानं चेंडू मारणं, या वयाला शिकवूच नका. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते बंद केलं आहे, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनंही २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाला सरावात हेडिंग नको असं सांगितलं.

आता जे बोलायला आपण संकोचतो ते. मैदानावर नेहमी दोन मोठी माणसं हवीत, आणि मुली आहेत म्हणजे त्यातली एक बाई असावी. एकट्या मुलाला गाडीवर मागे बसवून सोडायला जाऊ नका. निरोप पालकांच्या ग्रुपवर टाका, मुलाच्या मोबाईलवर नको. यात तुमच्यावर संशय नाही. मूल सुरक्षित राहतं आणि तुमचंही नाव राहतं. एखाद्या मुलाबाबत लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली, मग ती घरातली असो की शाळेतली, तर ‘मी तर फक्त फुटबॉल शिकवतो’ म्हणून सुटता येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

शेवटचं मूल पालकाच्या हाती गेल्याशिवाय मैदान सोडू नका. पुढे गोडी वाढली तर ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनचा प्रशिक्षकांसाठीचा डी लायसन्स कोर्स जरूर करा.

प्रश्न: माझी मुलगी दहा वर्षांची आहे. मिरजेत एक सर विनामूल्य शिकवतात. सामन्यात तिला शेवटची पाच मिनिटंच उतरवतात. ते फुकट वेळ देतात, मग बोलायचं कसं?

उत्तर: बोला, ताई. ते पैसे घेत नाहीत याबद्दल आदर असू द्या, पण त्यामुळे तुमच्या मुलीचा खेळायचा हक्क कमी होत नाही. फक्त सामना चालू असताना, चारचौघांत नको. मधल्या दिवशी फोन करून वेळ मागा आणि विचारा, ‘सर, कुणाला किती वेळ खेळवायचं हे कसं ठरवता?’ बाहेर काढलेल्या खेळाडूला पुन्हा उतरवायची मुभा मुलांच्या फुटबॉलमध्ये देता येते. स्पर्धेच्या आयोजकांनी ती ठेवली असेल तर सगळ्यांना आळीपाळीनं खेळवणं अवघड नाही. सर एकटेच असतील तर बदल्यांची वेळ लिहून ठेवायचं काम तुम्ही मागून घ्या. आणि एवढं करा, रेषेबाहेरून ‘मार, मार’ ओरडणाऱ्या पालकांत उभ्या राहू नका. सर एक सांगतात, आई दुसरं सांगते, मधे पोरगी थिजते.

प्रश्न: तासगावच्या शाळेत मी सुट्टीच्या दिवशी मुलांचा सराव घेतो. चौदाखालच्या संघात एक पंधरा पूर्ण झालेला मुलगा ‘बसवा’ असा आग्रह होतोय. काय करू?

उत्तर: स्पष्ट नकार द्या. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस अशा वयोगटांत होतात, त्या मुलाला सतराखालच्या संघात घ्या. पंधराच्या मुलाची धडक अकरा-बाराच्या पोराला बसली तर काय होईल ते तुम्हाला कळतं. यादीवर तुमची सही असेल तर प्रत्येकाचा जन्मदाखला स्वतः बघून मगच करा.