पिरानेसीचं टिवोलीचं देऊळ: घरातली प्रत 18व्या शतकातली आहे का, कसं ओळखायचं?

उत्तर: पिरानेसी हा 18व्या शतकातला इटालियन चित्रकार, आणि हे चित्र रोमजवळच्या टिवोली गावातल्या प्राचीन देवळाचं त्याचं एचिंग, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून छापलेलं चित्र. आधी दहापट भिंगातून पाहा. रंगीत किंवा करड्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ती साधी छापील नक्कल, पुढे बघायची गरजच नाही. खऱ्या एचिंगमध्ये आम्लाने कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यातली शाई कागदावर किंचित उंच बसते. तिरक्या उजेडात गडद रेषांचा उठाव दिसतो. चित्राभोवती पत्र्याचा दाबही (कडांचा खोलगट ठसा) हवा, पण एकट्या दाबावर विसंबू नका, तो नकलेवरही खोटा उठवता येतो.

एवढं जमलं की प्रश्न उरतो काळाचा, आणि खरी गोची तिथेच आहे. पिरानेसी 1778 मध्ये वारला, त्याच्या तांब्याच्या पत्र्यांवरून छपाई मात्र चालूच राहिली; पत्रे होते आधी मुलांकडे, मग पॅरिसला, 1839 नंतर पुन्हा रोमला. म्हणजे एचिंग अस्सल, पण प्रत एकोणिसाव्या शतकातली असू शकते. कागद उजेडासमोर धरा. हातकागदाच्या समांतर रेषा आणि दुहेरी वर्तुळातल्या लिलीफुलाची जलखूण दिसली तर लक्षण चांगलं. पॅरिसच्या छपाईत पत्र्यावर आकडे घातले गेले. उलट, रोमच्या बऱ्याच सुरुवातीच्या प्रतींवर खाली पत्ता आणि 'अडीच पाओली' (पाओली हे तिथलं जुनं नाणं) ही किंमत असते. नंतर ती खोडली. आकाशातल्या बारीक रेषा सर्वात आधी झिजतात, त्यामुळे आभाळ फिकं आणि स्तंभांमागची सावली काळीभोर असेल तर छपाई उशिराची समजा.

चित्राभोवतीचा कोरा समास कापलेला असेल तर किंमत बरीच घटते. मागे चिकटवलेला पुठ्ठा स्वतः ओढून काढू नका, कागद फाटतो.