'लाईटला पॉवर नाही' म्हणजे नेमकं काय नाही?

प्रश्न असा आला आहे: "आमच्याकडं 'आज लाईटला पॉवर न्हाई' असं सर्रास म्हणतात. पॉवर म्हणजे शक्ती, आणि ती वॅटमध्ये मोजतात. पण इथं कमी असतात ते व्होल्ट. मग हे बोलणं चुकीचं का? व्होल्ट, अँपिअर आणि वॅटमध्ये जे मोजतात, त्या तिन्हींना मराठी शब्द कोणते?"

बोलणं चुकीचं म्हणवत नाही, पण 'पॉवर' या शब्दावर आपण फार भार टाकला आहे हे खरं. दिवा मंद लागला की 'पॉवर नाही', तिथं अर्थ व्होल्टचा. गिझरसाठी भिंतीत 16 अँपिअरचा मोठा सॉकेट बसवला की तो 'पॉवर प्लग', तिथं अर्थ अँपिअरचा. वॅटसाठी मात्र पॉवर हा शब्द घरात कुणी काढतच नाही. 'नऊ वॅटचा बल्ब' म्हणून मोकळे होतो.

पाठ्यपुस्तकातले शब्द आहेत अनुक्रमे विभवांतर, विद्युतधारा आणि शक्ती. यातला 'विभवांतर' पुस्तकाबाहेर आलाच नाही. त्याच्या जागी 'दाब' रुळला, आणि मला तोच आवडतो. बातमीत 'कमी दाबाने वीजपुरवठा' असतो, वीज खात्याच्या कागदांवर 'उच्चदाब' आणि 'लघुदाब' असतं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, त्या मुलखात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दरवाजे बंद असले तरी पाण्याचा दाब असतोच, वाहत मात्र काही नसतं. तसंच रिकाम्या प्लगमध्ये 230 व्होल्ट असतात, अँपिअर शून्य. म्हणून दाब 'असतो' आणि प्रवाह 'वाहतो'. '230 व्होल्टचा करंट वाहतो' या वाक्यात दोन्हींची गल्लत होते.

आपल्या क्रियापदांनी हा फरक नामांपेक्षा चोख सांभाळला आहे. भोगावतीकाठी आमच्या चुलत्यांची पाच एचपीची मोटर होती. रात्रपाळीची लाईट आली की बॅटरी घेऊन स्टार्टरच्या पेटीपाशी जायचं. पेटीवर दोन काटे, एक व्होल्टचा, एक अँपिअरचा. पहिला 415 च्या आसपास हवा (मोटर तीन फेजची, म्हणून घरातल्या 230 पेक्षा जास्त), तो कधी 330 वर रेंगाळायचा. दुसरा साडेसातवर हवा, तो दहाकडं सरकायचा. चुलते तिथूनच ओरडायचे, "होल्टेज न्हाई, मोटर अँपिअर खायला लागलीया, बंद कर!" एवढ्या एका वाक्यात सगळं शास्त्र आहे. पाणी तेवढंच उपसायचं, म्हणजे लागणारे वॅट जवळपास तेवढेच. दाब घटला की मोटर जास्त प्रवाह खेचून भरपाई करते, तापते, आणि शेवटी वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळून दुरुस्तीसाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरची वाट धरावी लागते. व्होल्ट 'येतात', अँपिअर मोटर 'खाते', आणि वॅटला तर क्रियापदच नको, नुसता 'चा' पुरतो: दोन हजार वॅटचा गिझर. दाब गुणिले प्रवाह म्हणजे साधारण वॅट, म्हणून 2000 भागिले 230, जवळजवळ पावणेनऊ अँपिअर. सहा अँपिअरच्या लहान सॉकेटमध्ये तो का लावायचा नाही, ते यातच आलं.

व्होल्ट, अँपिअर, वॅट ही व्होल्टा, अँपिअर आणि वॅट या तीन माणसांची नावं आहेत. त्यांचं भाषांतर करायचं कारण नाही. बोलण्यातलं 'होल्टेज'ही मला खटकत नाही.

खटकतं ते वेगळंच. बिलातल्या युनिटचा अर्थ सांगताना अनेकजण 'किलोवॅट प्रति तास' लिहितात. 'प्रति' म्हणजे भागाकार. ताशी साठ किलोमीटर म्हणतो तसा. इथं तर गुणाकार आहे: हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट पडलं. दोन हजारांचा गिझर अर्ध्या तासात तेवढंच युनिट पाडतो. म्हणून लिहावं 'किलोवॅट-तास', मनुष्य-तास लिहितो तसं, मध्ये 'प्रति' न घालता.