अनुबियास कुजतंय? आधी खोड वाळूतून वर काढा

फिश टँकमधल्या अनुबियास या रोपाची पानं देठासकट सुटतायत म्हणजे खोड कुजलंय, खत कमी पडलेलं नाही. अनुबियासचं आडवं जाड खोड वाळूत पुरायचंच नसतं. बोटानं दाबून बघा. मऊ लागलं, घाण वास आला, तर घट्ट हिरवा भाग लागेपर्यंत ब्लेडनं कापत जा. उरलेला तुकडा सुती दोऱ्यानं आपल्याकडच्या साध्या काळ्या दगडाला बांधा. मुळं दगड धरायला दोन-तीन महिने घेतात, तोवर हलवू नका.

लाइट रोज 6-7 तासच. महिन्याला जेमतेम एखादं नवं पान येतं, म्हणून जास्त उजेडात जुन्या पानांवर शेवाळ बसतं. पाणी 22 ते 28 अंश. कोल्हापूरच्या एप्रिल-मेमध्ये झाकण काढून पाण्यावर छोट्या पंख्याचा वारा सोडा.