आईंच्या दहावीसाठी आधी त्यांचा जुना दाखला शोध

प्रश्न : मी जत तालुक्यातल्या एका गावात राहते, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई ३८ वर्षांची आहे. सातवीनंतर तिची शाळा सुटली. गेली ९ वर्षं ती गावच्या शाळेत पोषण आहार शिजवते. तिला दहावी करून अंगणवाडीत मदतनीस व्हायचंय. घरातले हसतात. तालुक्याला एक जण म्हणतो, १८ हजार भरा, महिन्यात थेट दहावीचं सर्टिफिकेट देतो. आम्ही काय करावं?

उत्तर : सगळ्यात आधी, त्या १८ हजारवाल्याकडे पुन्हा जाऊ नका. परीक्षेला न बसता महिन्याभरात मिळणारी दहावी कुठल्याच मान्यताप्राप्त मंडळाची नसते. अशा कागदावर ज्या मंडळाचं नाव असतं, त्याला बहुतेकदा मान्यता नसते किंवा ते मंडळच नसतं. पुढे नोकरीसाठी कागदपत्रांची पडताळणी झाली की खोटा दाखला दिल्याचा ठपका आईंवर येईल, त्या माणसावर नाही. पोषण आहाराच्या मानधनातून १८ हजार साठायला किती महिने लागतात, हे तुला मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट सांगताना मला वाईट वाटतंय, पण आत्ताच कळलेली बरी. राज्यात २०२३ पासून मदतनीसपदालाही बारावी उत्तीर्णची अट आहे आणि वयोमर्यादा ३५ आहे, विधवा महिलांसाठी ४०. म्हणजे आईंना तो रस्ता बंद आहे. पण गावात आरोग्याचं काम करणाऱ्या ‘आशा’ स्वयंसेविकेचा रस्ता खुला आहे. तिथे वय २५ ते ४५ चालतं, बाई त्याच गावची लागते आणि बिगर आदिवासी भागात दहावीची अट आहे. अर्थात गावातली जागा रिकामी झाली तरच निवड होते, आणि मोबदला बराचसा कामावर अवलंबून असतो. तरी आईंच्या हातात अजून वेळ आहे, म्हणून दहावी लांबवू नका.

दहावीचे दोन मार्ग आहेत. एक, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देणं. पाचवी पास असलेल्याला तो भरता येतो, त्यामुळे आई त्या अटीत बसतात. पण नेहमीच्या मुलांसारखे सगळे विषय एकदम घ्यावे लागतात आणि गणित सुटत नाही. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. केंद्र सरकारची ही संस्था १९८९ पासून आहे आणि तिची दहावी इतर मंडळांच्या बरोबरीची धरली जाते. आठवी झालेली नसली तरी ‘दहावीचा अभ्यास करण्याइतकं मी शिकले आहे’ असं स्वतः लिहून देऊन प्रवेश मिळतो.

मी आईंसाठी एनआयओएसच सुचवेन. एकूण ५ विषय, त्यात किमान एक भाषा. गणित सक्तीचं नाही. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी ५ वर्षं चालते आणि तेवढ्यात ९ संधी मिळतात. जितक्या विषयांची तयारी झाली तितकेच द्यायचे, निघाले ते जमा राहतात. सकाळी चूल, दुपारी शाळेतली खिचडी, संध्याकाळी पुन्हा घर, एवढं करणाऱ्या बाईला राज्य मंडळाच्या सहा विषयांचं ओझं एकदम दिलं तर ती मार्चआधीच वही मिटून ठेवते. हे मी फार वेळा पाहिलंय. पहिल्या खेपेला मराठी आणि आणखी एक सोपा वाटणारा विषय, एवढेच द्या. गृहविज्ञानही यादीत आहे, मात्र मराठी माध्यमात काय काय मिळतं ते अभ्यासकेंद्रावर विचारून घे. फी लागते, पण महिलांना सवलत आहे आणि पुस्तकं फीतच येतात. प्रादेशिक कार्यालय पुण्यात आहे, जवळचं केंद्र कुठलं ते संस्थेच्या संकेतस्थळावर दिसेल. (मोफत शिकायचं तर मुंबईतल्या रात्रशाळा आहेत. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या रात्रशाळेचीच ती वाट. पण जतच्या गावाला त्यांचा उपयोग नाही.)

आता जिथे बायकांचे अर्ज हमखास अडतात ते सांगते. आईंचा शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा असेल आणि आधार सासरच्या नावाचं. अर्ज कुठल्या नावाने करायचा हे केंद्रावर विचारल्याशिवाय काहीही भरू नकोस, आणि विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेव. विवाह नोंदणी झाली नसेल तर आधी ग्रामपंचायतीत ती करून घ्या. दाखला हरवला असेल तर त्या शाळेच्या जनरल रजिस्टरवरून दुसरी प्रत मिळते. दाखल्यावरची आणि आधारवरची जन्मतारीख एकच आहे का, तेही पाहा.

आईंना गणित घ्यायचंच असेल तर अडवू नकोस. पाचवीपर्यंतच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम, असा हिशोब करून त्या हजेरीप्रमाणे रोज माप काढतात. गुणोत्तर त्यांना येतं, फक्त ते गणिताच्या पुस्तकात कसं लिहितात हे तू दाखव. रोज रात्री भांडी झाल्यावर पाऊण तास, तुझ्या अभ्यासाच्याच दिव्याखाली. घरातले हसतात, त्यांच्याशी वाद घालण्यात हा वेळ घालवू नका.

या आठवड्यात एक दिवस काढून आईंना घेऊन त्यांच्या माहेरच्या शाळेत जा. दाखल्याचा अर्ज त्यांना स्वतःच्याच हाताने लिहू दे. दाखला मिळाला की मला कळव, पुढचा फॉर्म आपण मिळून भरू.