१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या कोणत्या प्रकारात मोडते? तिचे गुणधर्म काय?

डेम्लो संख्या. १११११११११ चा वर्ग. डेम्लो म्हणजे आपलं डोंबिवली. जुन्या जीआयपी रेल्वेच्या त्या स्टेशनात गणिती द. रा. कापरेकरांना या संख्या सुचल्या. कापरेकर शाळा शिकले ते आमच्या ठाण्यात, हे इथल्या गणिताच्या मास्तरांनाही ठाऊक नसतं.

माझा धाकटा मेहुणा ऐरोलीला आयटीत आहे. गणपतीत नौपाड्याला आमच्याकडे सगळे जमले होते आणि मी त्याच्या मुलीला ही संख्या कागदावर लिहून दाखवत होतो. साहेबांनी मध्येच लॅपटॉप उघडला, स्प्रेडशीटमध्ये गुणाकार केला आणि म्हणाले, "भाऊजी, शेवटी ३०० येतंय. तुमच्या संख्येला १०० ने भाग जातो!" सगळे हसले. अरे, विषम गुणिले विषम, शेवटी शून्य येईल कुठून? बरं, १११११११११ मध्ये नऊ एक्के, म्हणजे तिला ९ ने भाग जातो आणि वर्गाला ८१ ने. याच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ७८, त्याला ९ ने सुद्धा भाग जात नाही. स्प्रेडशीट १५ अंकांपुढे सरळ शून्यं लावते, संख्या १७ अंकी. यावर उत्तर काय, तर "राउंडिंग असतं हो, प्रॅक्टिकली काय फरक पडतो? हे सगळे शाळामास्तरांचे रिकामे उद्योग."

कापरेकर देवळालीचे शाळामास्तरच होते. १९७५ साली गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं, ते काय रिकामपणी?

आणि फरक पडतो. अवयव पाडा: ३⁴ × ३७² × ३३३६६७². घातांकांत एकेक मिळवून गुणा, ५ × ३ × ३, विभाजक ४५. पूर्ण वर्ग, म्हणून विभाजकांची संख्या विषमच. अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने नि:शेष भाग, म्हणून हर्षद संख्या. हे बारसंही कापरेकरांचंच. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग, त्यात ८ गायब! स्वतःला वगळून बाकी विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा कमी, म्हणून न्यून. शेवटी ३०० ठेवा, यातलं एकही खरं राहत नाही. न्यूनची विपुल होते, म्हणजे ती बेरीज संख्येपेक्षा जास्त.

काटेकोर बोलायचं तर डेम्लो हा प्रकार बराच मोठा आहे, या चढत्या-उतरत्या वर्गांना कापरेकर 'वंडरफुल डेम्लो' म्हणत. दहा एक्क्यांचा वर्ग घेतलात तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो, तो या संख्येसारखा उलटा वाचला तरी तोच, असा येत नाही. लॅपटॉपला माझा विरोध नाही, फक्त पूर्णांक पूर्ण ठेवणारं सॉफ्टवेअर घ्या. ३३३६६७ मूळ आहे हे पडताळायला तेही लागत नाही, ५७७ पर्यंतच्या, म्हणजे तिच्या वर्गमूळापर्यंतच्या, मूळ संख्यांनी भागून बघितलं की झालं.